दौलताबादच्या वाटेवर एक ठकठक

आमच्या गावाला बावन्न दरवाज्यांचे गाव म्हणतात. त्यांतले थोडेच आता उभे आहेत. पण जे आहेत त्यांनी आपला मान सोडलेला नाही. भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला, महमूद दरवाजा, पैठण दरवाजा : हत्ती-घोड्यांच्या काळात बांधलेल्या या कमानींपुढे मोटार आली की तिचा तोरा आपोआप उतरतो. २०२३ साली गावाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. मी सांगतो आहे ती हकीकत त्याआधीची, औरंगाबाद या नावाच्या अखेरच्या वर्षांतली, म्हणजे २०१९ च्या दिवाळीनंतरची. तेव्हा पाणचक्कीकडून येणारी वाहने महमूद दरवाज्याच्या कमानीखालूनच जात. समोरून रिक्षा आली की थांबायचे, ती गेली की क्लच सोडून पुढे सरकायचे. आणि नेमके त्याच क्षणी आमच्या गाडीच्या पोटातून आवाज यायचा : ठक्! जुन्या दगडांनी तो ऐकून पुन्हा आम्हाला ऐकवायचा.

गाडी अँबॅसिडर. वडिलांनी १९८५ च्या आरंभी घेतलेली. मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या विलायती गाडीवरून हिचा साचा घेतला आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला ती पन्नासएक वर्षे तयार होत राहिली. २०१४ साली ते थांबले. मंत्री, कलेक्टर, डॉक्टर आणि लग्नातले नवरदेव या सर्वांना तिने सारख्याच तटस्थपणे वाहून नेले. आमच्या घरी तिचा टिकाव लागला त्याचे कारण मात्र अगदी घरगुती आहे. तिची बैठक उंच, दार मोठे. त्यामुळे गुडघे दुखत असले तरी आईला कोणाचा हात न धरता तिच्यात बसता येते. नव्या बुटक्या मोटारीत बसायचे म्हणजे आधी खड्ड्यात उतरायचे आणि मग वर यायचे, असे तिचे मत आहे.

ज्यांनी आजच्याच मोटारी पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर पुढची चाके ओढणारी मोटार आपल्या घरोघरी पोहोचली. तिचे इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. अँबॅसिडरचे तसे नाही. तिचे इंजिन पुढे असते, पण जोर लागतो तो मागच्या चाकांना. तो जोर मागे न्यायचे काम एक लांब पोकळ लोखंडी दांडा करतो. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. शाफ्ट मागे जाऊन ज्या गोल डब्यात शिरतो त्याला मिस्त्री लोक हाउसिंग म्हणतात. त्यात मोठे दातेरी चक्र आणि लहान पिनियन असते, आणि तेथे दांड्याचे फिरणे काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जाते.

पाणचक्कीचे बरे होते. तिथे डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणले, ते चाकावर सोडले, चाकाचा दांडा सरळ वर गेला आणि त्याने जाते फिरवले. सगळे जागच्या जागी. मोटारीत मागची चाके खड्ड्यागणिक वरखाली होतात आणि गिअरबॉक्स जागच्या जागी असते, तेव्हा दोघांना जोडणारा दांडा ताठ राहून कसा चालेल? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. सांध्यात अधिकचिन्हासारखा एक लोखंडी तुकडा. त्याचे नाव क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत सुईएवढ्या बारीक रोलरांची ओळ. हे रोलर ग्रीसमध्ये बुडून आहेत तोवर सगळे ठीक असते.

आता आवाज.

घरात चार माणसे आणि आवाजाची नावे चार. सौ. मागे बसते, ती म्हणाली, माझ्या बैठकीखाली काहीतरी ठकठकते. चिरंजीव पुढे बसतात. त्यांच्या मते गिअरच्या खाली टकटक होते. शेजारचे गृहस्थ गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्याबरोबर आले आणि ‘सगळी गाडीच खडखडते’ असा निकाल देऊन उतरले. आईने मात्र सांगितले, ‘‘गाडीला उचकी लागली आहे. कोणीतरी आठवण काढतं आहे तिची.’’ वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्यावर कोणी काही बोलले नाही.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे मोटारीपेक्षा शब्दांकडे माझे लक्ष आधी जाते. खडखड, खटखट, ठकठक, टकटक, खणखण, खुळखुळ, घरघर, कुरकुर, करकर : व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात आणि परीक्षेत दोन गुणांसाठी विचारतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात त्यांची रांगच्या रांग सापडते. वर्गात मुले ते पाठ करतात आणि एकाऐवजी दुसरा बेधडक वापरतात. वास्तविक ते एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. खडखडण्याला पुष्कळ सैल वस्तू लागतात. ठकठकीला दोनच पुरतात, एक आदळणारी आणि एक मार खाणारी. खुळखुळ बंद डब्यात होते. घरघर अखंड असते, तिला मोजता येत नाही. कुरकुर वजन पडल्याखेरीज होत नाही. एवढे ओळखणाऱ्याला निम्मी मोटार कळली, हे मला पुढे एका माणसाने शिकवले, आणि त्याने मोल्सवर्थचे नावही ऐकलेले नव्हते.

पण त्या माणसाकडे जाण्याआधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो. गॅरेज मोठे, फरशी स्वच्छ, कपाळाला आठ्या असलेला तरुण. त्याने गाडी रस्त्यावर पाच मिनिटे फिरवली आणि म्हणाला, ‘‘डिफरन्शियल गेलंय. घूं घूं ऐकू येतं ना? नवं मिळणार नाही, जुनं बसवलं तर त्याचा भरवसा नाही. भंगारात द्या, चांगला भाव येईल.’’ माझ्यादेखत त्याने भंगारवाल्याला फोनही लावला. तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. घूं घूं खरोखर होती.

प्रश्न नुसत्या आवाजाचा नव्हता. खाजगी मोटारीला पंधरा वर्षे झाली की पुढे दर पाच वर्षांनी तिची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. आमची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपत होती. हाउसिंगच गेले असेल तर गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती भारी पडणार, मग कर भरून काय उपयोग? तेव्हा दोन महिन्यांत ठरवायचे होते, ठेवायची की द्यायची. आई म्हणाली, ‘‘तुला योग्य वाटेल ते कर.’’ ज्यांच्या आयांनी असे वाक्य कधी म्हटले असेल त्यांना त्याचे वजन माहीत आहे.

शहागंजच्या मागे एका बोळात एक उस्ताद आहेत. वय सत्तरीच्या आतबाहेर. एके काळी स्टेशनवरून पाहुण्यांना वेरूळ-अजिंठ्याला नेणाऱ्या टॅक्स्या त्यांच्या हातून दुरुस्त होत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला ‘सर’ म्हणतात. आमच्या गावच्या दखनीत ते बोलतात, ती मला लिहिता येईल तशी लिहितो.

मी सांगायला सुरुवात केली, ‘‘चाचा, आवाज मागच्या सीटखालून...’’

‘‘कां से आता वो मेरेकू नक्को बोलो, सर. कब आता, वो बोलो.’’

मोटार म्हणजे पत्र्याचा डबा, त्यांनी समजावले. आवाज लोखंडातून धावतो आणि भलत्याच खोलीतून डोके बाहेर काढतो. जागा विचाराल तर प्रत्येकजण आपल्या बुडाखालची सांगेल. वेळ मात्र कोणी चुकवत नाही. मग प्रश्नांची फैर झडली. गाडी उभी असताना, इंजिन चालू असताना येतो का? नाही. म्हणजे इंजिनातला नाही. क्लच सोडताना येतो? येतो. एकदा की अनेकदा? एकदाच. पुढचा गिअर काढून रिव्हर्स टाकला तर? मोठ्याने येतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर? पुन्हा एकदा येतो. वळणावर? तेव्हा विशेष नाही. थंडीत, उन्हात? सारखाच. आणि अगदी हळू चालताना? हळू चालताना बारीक टिकटिक ऐकू येते, वेग वाढला की हरवते. हे सर्व सांगता सांगता आईची उचकीही मी सांगून टाकली.

उस्तादांनी हातातला चहा खाली ठेवला. ‘‘हिचकी! हौ. मांजीनं बराबर बोल्या. हिचकी याने कैं तो भी खाली जगा है.’’

रिकामी जागा, तिलाच मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. दोन भागांच्या मध्ये केसाएवढी फट पडली की जोर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फिरताना ती फट भरून निघते आणि लोखंडावर लोखंड आदळते. म्हणून ठक् एकदाच. पण ही फट कोठे? इंजिनाच्या रबरी फाउंडेशनमध्ये, शाफ्टच्या क्रॉसमध्ये, हाउसिंगच्या दात्यांत, की मागचा धुरा कमानपाट्यांना बांधणाऱ्या यू-बोल्टांत? चौघांची ठक् परक्या कानाला सारखीच.

पहिला संशयित तिथेच निकालात निघाला. बॉनेट उघडे, हँडब्रेक ओढलेला, मला ब्रेकवर पाय गच्च ठेवायला सांगून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडायला लावला. स्वतः मात्र बाजूला उभे, गाडीसमोर नाही. इंजिन थोडे कलले आणि जागेवर आले. उड्या मारीना. फाउंडेशन शाबूत. मग डिकी उघडून त्यांनी जॅक, टामी आणि स्टेपनी हलवून पाहिली. मला हसू आले तेव्हा म्हणाले की, आयुष्यातले कितीतरी ‘हाउसिंग गेलेले’ आवाज डिकीतल्या जॅकचे निघालेले आहेत. मग अंगावर स्वेटर चढवून पुढे येऊन बसले. ‘‘चलो, दौलताबाद.’’

वेरूळच्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. पाहुणे आले की तो रस्ता ठरलेला. पण रस्ता हा मोटारीला प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक तुकडा वेगळा प्रश्न विचारतो, हे त्या दिवशी पाहिले. छावणीतून नगर नाक्याकडे जाताना झाडांच्या सावलीत एक शांत आडरस्ता लागला. तिथे उस्ताद खाली उतरले. मागच्या टायरवर खडूने एक रेघ ओढली आणि मला माणसाच्या चालीने गाडी चालवायला सांगितले. ते हात मागे बांधून चाकाबरोबर चालू लागले, अंत्ययात्रेत चालावे तसे. रेघ वर आली की ओठ हलत. बघणारे थांबले. एका सायकलस्वाराने विचारले, ‘‘काय हरवलं?’’

ते मोजत होते. चाकाची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या चाराहून अधिक फेऱ्या होतात, कारण हाउसिंगमध्ये वेग तेवढ्या पटीने उतरतो. फेरीमागे एकच टिक आली असती तर रोग चाकाकडचा, ड्रमचा किंवा धुऱ्याचा. टिका चार-पाच होत्या. म्हणजे जे वाजत होते ते शाफ्टच्या वेगाने फिरत होते. खडूची एक रेघ आणि वीस पावले एवढ्यावर निम्मी गाडी निर्दोष सुटली.

पडेगाव आणि मिटमिट्याच्या बाजूला गतिरोधक आहेत. एरवी त्यांना शिव्या देत जातो, त्या दिवशी ते उपयोगी पडले. गतिरोधकावर ठक् आली असती तर कमानपाट्यांचे बुश किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बर. आली नाही, नुसती कुरकुर झाली. ‘‘ये बुढापा है,’’ उस्ताद म्हणाले. शरणापूर फाट्याअलीकडे सपाट, मोकळा रस्ता पाहून त्यांनी गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिनाचा जोर तुटला, गाडी आपल्या वेगावर वाहत राहिली, आणि अगदी थांबता थांबता टिकटिक पुन्हा ऐकू आली. म्हणजे गिअरबॉक्सचे दातेही सुटले. (हा प्रयोग सपाटीवर करायचा, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणाऱ्याला उस्ताद आपल्या गॅरेजात पाय ठेवू देत नाहीत.)

मग दौलताबाद. देवगिरी यादवांचा हा डोंगर लांबूनच दिसू लागतो. ११८७ च्या सुमारास भिल्लमाने येथे राजधानी केली आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्ली उचलून इथे आणण्याचा खटाटोप केला. किल्ला मागे पडला की बाहेरच्या तटाचा दरवाजा रस्त्यातच लागतो. एका वेळी एक वाहन जाईल एवढी वाट, दोन्हीकडे उंच दगड. इथल्या वाहतुकीच्या खोळंब्यावर गावात पुष्कळ त्रागा होतो. उस्तादांना मात्र हीच जागा हवी होती. ‘‘सब काच नीचे करो. पैर दबाओ, छोडो. दबाओ, छोडो.’’

उघड्या रस्त्यावर गाडीखालचा आवाज शेतात निघून जातो. भिंतीजवळ तो परत येतो, आणि पत्र्यातून न येता हवेतून येतो, म्हणून त्याची जागा कळते. डॉक्टर छातीला नळी लावतात तसे उस्तादांनी तुघलकाच्या वाटेवरचे ते दगड कानाला लावले. पाय दाबला, ठक्. सोडला, ठक्. ते खिडकीतून डोके बाहेर काढून डोळे मिटून ऐकत होते आणि मागे एक ट्रक शंख करीत होता. दरवाज्यातून बाहेर पडल्यावर म्हणाले, ‘‘पीछे का क्रॉस.’’

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या घूं घूं विषयी विचारले. ते म्हणाले, घाट चढू दे.

दौलताबादचा घाट फार मोठा नाही, पण अँबॅसिडरला दुसऱ्या गिअरवर आणण्याइतका आहे. चढावर इंजिनाचा जोर एकाच बाजूने सतत लागतो, फट दाबून धरली जाते, आणि ठक् गप्प होते. ती गप्प झाली. घूं घूंही आली नाही. वर कागजीपुऱ्यात चहाला थांबलो. हातकागदासाठी नाव मिळवलेले हे गाव. माझ्या पिशवीत तिथला एक ताव नेहमी असतो, त्यावर उस्तादांनी काडेपेटीच्या काडीने आकृती काढून दाखवली. एकाच सांध्याने दांडा वाकवला तर तो एका फेरीत दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाला दुसरा सांधा नीट जुळवून बसवला तर एकाची घाई दुसरा पोटात घालतो. उलटा बसला तर दोघांची घाई मिळून गाडी थरथरते. मी पुढे वाचले की, या सांध्याचे असे चालणे सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने तपासले होते आणि मोटारीला साजेसे त्याचे रूप क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाने १९०३ साली पेटंट केले. हूक वारला १७०३ मध्ये. त्यानंतर चार वर्षांनी औरंगजेब वारला, आणि त्याची कबर त्याच रस्त्यावर पुढे खुलदाबादला आहे. दोघे समकालीन. एकाने सुभेदारांना न जुळलेले जुळवण्यात आयुष्य घालवले, दुसऱ्याने दोन दांडे जुळवले. मास्तरकीची खोड म्हणून हे इथे लिहिले. उस्तादांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘दोनो का काम सख्त था.’’

खुलदाबाद ओलांडले की रस्ता वेरूळकडे उतरतो. इथे तिसरा प्रश्न. उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला म्हणजे चाके इंजिनाला ढकलू लागतात. हाउसिंगमधले दाते आपली दुसरी बाजू टेकवतात. आणि घूं घूं आली. चांगली स्पष्ट, सुरात, तंबोऱ्यासारखी. पाय हलकेच टेकवला, गेली. काढला, आली.

‘‘देखो सर, ये दो बीमारी हैं. दोनो कू एक समझ के बताए तुमकू.’’

पहिल्या गॅरेजातल्या तरुणाचे हेच झाले होते. ठक् ऐकली, घूं घूं ऐकली आणि दोघींना एका घरच्या समजून मोकळा झाला. चढणीला एक गप्प बसते, उतारावर दुसरी बोलते, हे गावातल्या सपाट रस्त्यावर पाच मिनिटांत कळायचे नाही. त्याला घाट लागतो, आणि दुपार मोकळी लागते.

वेरूळला पोहोचल्यावर लेण्यांच्या अलीकडे सपाट जागा पाहून त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा धुरा जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले आणि मगच मला जवळ बोलावले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाणे त्यांना मान्य नाही. वर्तमानपत्र पसरून मीही आडवा झालो. त्यांनी एका हाताने हाउसिंगची फ्लँज धरली, दुसऱ्याने शाफ्ट, आणि ओले फडके पिळावे तसे दोघांना उलटसुलट पिळले. मधला क्रॉस खुळखुळला. टोपीभोवती कुंकवासारखी लाल पूड जमली होती. ग्रीस संपून सुया गंजल्या की ती पूड बाहेर येते. यू-बोल्ट पाना लावून पाहिले, घट्ट होते. ‘‘ये छूटता तो घाट में शाफ्ट नीचे गिरता,’’ ते म्हणाले. पुढच्या टोकाचा क्रॉस तुटला तर दांडा रस्त्यात रुततो आणि गाडी उचलली जाते. मागचा तुटला तर तो खालून पत्रा बडवतो. मला सौ.ची बैठक आठवली.

इतके जवळ आलो होतो म्हणून कैलास पाहायला गेलो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळातले हे काम वरून खाली कोरत आणले आहे; चुकला तर दगड परत लावता येत नाही. उस्ताद बऱ्याच दिवसांनी आत आले होते. हत्तींपेक्षा त्यांनी खांब जास्त निरखून पाहिले. आपले बरे आहे, खोलून पुन्हा बसवता येते, एवढे बोलून बाहेर निघाले. परतीला गाडी मी चाळीसच्या वर नेली नाही.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसात झाली. काढण्यापूर्वी फ्लँज आणि शाफ्टवर छिन्नीने समोरासमोर खूण, म्हणजे परत त्याच जागी बसतो. मग चार बोल्ट, मग टोप्यांची लॉके. व्हाइसमध्ये धरून टोप्या ठोकून काढल्या तेव्हा एका टोपीतून सुयांऐवजी तपकिरी भुकटी पडली. क्रॉसच्या टोकावर नखाला लागतील अशा चऱ्या होत्या. कारणही सापडले. खालून गंजू नये म्हणून कधीकाळी एका सर्व्हिसिंगवाल्याने गाडीच्या पोटाला काळ्या डांबराचा लेप दिला होता. तो देताना ग्रीसचे निपलही त्याखाली बुजले. त्यानंतर जितक्या वेळा ग्रीस मारले तितक्या वेळा ते डांबरावर मारले गेले. पुढचा क्रॉस त्यातून वाचला होता. नव्या क्रॉसला जेवढे पैसे लागले त्यात घरी आलेल्या चार पाहुण्यांचे बाहेरचे जेवणही झाले नसते. मजुरी उस्तादांनी घेतली ती दुरुस्तीची. ऐकण्याची घेतली नाही.

उचकी थांबली. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘बरं झालं,’’ आणि बटव्यातून लवंग काढून दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तपासणी होऊन पाच वर्षांची नोंदणी मिळाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा.

आजच्या मोटारी वापरणाऱ्यांनी या सगळ्याकडे जुन्या गप्पा म्हणून पाहू नये. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत लांब शाफ्ट नसतो, पण चाकांजवळ सांधे असतातच. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवताना बाहेरच्या चाकाकडून टकटकटक अशी माळ लागली तर त्यावरचे रबरी बूट फाटले आहे का ते पाहावे. फाटले असेल तर ग्रीस गेलेले असते. उस्तादांच्या मुलाकडे आता संगणकाचे यंत्र आहे. ते गाडीला जोडले की इंजिनातला दोष अक्षरांत लिहून येतो, आणि ते उत्तम आहे. क्रॉसमध्ये मात्र यंत्राला बातमी देणारे कोणी बसलेले नाही. मुलगा हे जाणतो आणि म्हाताऱ्याला अजून घाटावर घेऊन जातो. पाना आता त्याच्या हातात, खुर्ची उस्तादांकडे.

उरली घूं घूं. तिच्याबद्दल उस्तादांनी तेव्हाच सांगितले होते : हाउसिंगचे तेल काढून पाहिले, त्यात लोखंडाचे तुकडे नाहीत, नुसती बारीक चमक आहे, नव्वद नंबरचे नवे तेल भरले आहे, पिनियनची झीज आहे आणि ती परत येणार नाही. गाडी पळवायची नाही, तेलाची पातळी पावसाळ्यानंतर बघायची, आणि उतारावरचा सूर ध्यानात ठेवायचा. सूर आहे तोवर चालू द्यायची. सूर बदलला, किंवा चढावरही ऐकू येऊ लागला, तर त्याच दिवशी यायचे.

गेल्या महिन्यात आईला घृष्णेश्वराला नेले तेव्हा खुलदाबादच्या उतारावर खिडकी उघडी ठेवून ऐकत होतो. मला सूर तोच वाटला. चिरंजीव म्हणाले, थोडा चढला आहे. आईला विचारले तर ती म्हणाली, वाऱ्यात काही कळत नाही, काच लाव. सोमवारी शहागंजला जाऊन उस्तादांना घेऊन यायचे आहे.